वामनवृक्ष घरांत ठेवावा कीं अंगणांत ?

हल्लीं शहरांतून बोन्साय, म्हणजे वामनवृक्ष, बाळगण्याची हौस वाढली आहे. शेतकऱ्यांचीं मुलें नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस राहतात, त्यांच्या बिऱ्हाडीं ही कुंडी दिसूं लागली आहे. आणि कांहीं बागाइतदार जोडधंदा म्हणून अशीं झाडें तयार करून विकीतही आहेत. तेव्हां हें झाड घरांत ठेवावें कीं बाहेर, हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा राहिलेला नाहीं. ‘हें घरांत ठेवण्याचें झाड आहे’ असें सांगून कुंडी विकली आणि चार महिन्यांत झाड वाळलें, तर दाम घेणाऱ्याचे जातात, पण पत विकणाऱ्याची जाते. म्हणून या बाबतींत आमचें मत आम्ही स्पष्टपणें मांडतों : आपल्या देशांत या झाडाची जागा उघड्यावर आहे, घरांत तें पाहुणें म्हणून यावें.

ही कला मूळची चीन देशांतील; जपानांत ती विशेष वाढीस लागली. ‘बोन्साय’ या जपानी शब्दाचा अर्थ पसरट पात्रांतील लागवड इतकाच आहे. घरांतील लागवड असा नव्हे. १९२३ सालच्या मोठ्या भूकंपानंतर तोकियो शहरांतील या धंद्याचे कित्येक माळी चांगली माती, स्वच्छ पाणी व मोकळी हवा पाहून ओमिया येथें गेले, आणि १९२५ सालीं त्यांची वसाहत तेथें उभी राहिली. तेथील झाडें बाहेर मांडणीवर ऊन, पाऊस व थंडी घेत असतात. जपानी रिवाजाप्रमाणें एखादें झाड बैठकीच्या कोनाड्यांत मांडतात खरें, पण तें थोड्याच दिवसांपुरतें. मग तें परत बाहेर जातें. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानांत १६२५ सालापासून जोपासलेलें एक पाइनचें झाड आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हां तें तेथील एका रोपवाटिकेंत भिंतीच्या आड असल्यामुळें बचावलें, व १९७६ सालीं मालकानें तें अमेरिकेस भेट दिलें. अशीं दीर्घायुषी झाडें दिवाणखान्यांत वाढत नसतात.

मग ‘घरांतील बोन्साय’ ही गोष्ट आली कोठून ? ती आली हिमाच्या देशांतून. वड, पिंपळ व त्यांच्या जातीचीं इतर झाडें उष्ण प्रदेशांतील. त्यांस कडाक्याची थंडी सोसत नाहीं. युरोपांत हिंवाळ्यांत बाहेर पाणी गोठतें, म्हणून तेथील लोक तीं घरांत घेतात. तेथें हा सल्ला योग्यच आहे. परंतु तोच सल्ला जसाच्या तसा उचलून नगर-सोलापुराकडे लागूं करणें म्हणजे पाऊस नसतां छत्री उघडून बसण्यासारखें आहे. आपल्याकडे निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. पण त्याच निफाडांत वड बाराही महिने उघड्यावरच उभा असतो.

खरा प्रश्न उजेडाचा आहे. प्रकाश मोजण्याचें लक्स नांवाचें माप आहे. भर दुपारच्या उन्हांत तो सुमारें १ लाख लक्स असतो. खोलींत खिडकीपासून दूर तो बहुधा ५०० लक्सही भरत नाहीं. आपला डोळा अंधुक उजेडास लवकर सरावतो, म्हणून हा फरक आपणांस जाणवत नाहीं. पानास मात्र त्याच उजेडावर आपलें अन्न तयार करावयाचें असतें. महसुलाच्या नोकरींत पीकपाहणीच्या निमित्तानें आम्ही पुष्कळ बांध तुडविले आहेत. बांधावरच्या चिंचेखालील ज्वारी कशी शेलाटी व फिकी होते, आणि तिचें कणीस कसें भरत नाहीं, हें शेतकऱ्यांस सांगावयास नको. जें शेतांत आपणांस पटतें, तें कुंडींत कां पटूं नये ?

याउलट कोणी म्हणेल कीं, वैशाखांतील ऊन लहानशा कुंडीस सोसत नाहीं. हें खरें आहे. पसरट कुंडींतील माती लवकर तापते व मुळें भाजतात. पण त्यास उपाय सावलीच्या जाळीचा किंवा पूर्वेकडील जागेचा. घरांत कोंडण्याचा नव्हे. कोंकणांतील पावसांत कुंडीचीं भोकें मोकळीं ठेवावींत व पाणी सांचूं लागल्यास ती किंचित् तिरपी करावी. घरांत राहिलेलें झाड एकदम उन्हांत ठेवूं नये, पानें करपतात. दोन आठवडे रोज थोडें थोडें ऊन वाढवीत न्यावें. शहरांतील बिऱ्हाडास अंगण नसतें, पण सज्जा असतो. तोही नसेल तर पूर्वेची उघडी खिडकी असते. दिवाणखान्यांत शोभा हवीच असेल तर दोन कुंड्या ठेवून आळीपाळीनें एक दोन दिवस आंत आणावी. एवढीही सोय नसेल, किंवा उन्हाळ्यांत दोन वेळां माती चांचपून पाणी घालण्यास घरीं माणूस नसेल, तर बोन्साय घेऊं नये, हेंच बरें.

झाडाची जातही पाहावी. पाइन, जुनिपर व मेपल यांस हिंवाळ्यांत विश्रांतीकरितां थंडी लागते. देशावरील उष्ण हवेंत तीं आंतही खुश नसतात व बाहेरही नसतात. त्यांच्यामागें लागण्यापेक्षां वड, पिंपळ, उंबर, चिंच व बोगनवेल हीं झाडें आपलीं. त्यांस आपलें ऊन परकें नाहीं.

जे शेतकरी हीं झाडें विकतात त्यांस आमची सूचना अशी आहे कीं, प्रत्येक कुंडीस चिठ्ठी बांधावी व तिजवर झाडाची जात, ऊन किती, पाणी किती, आणि ‘घरांत दोन दिवसांहून अधिक ठेवूं नये’ असें स्वच्छ अक्षरांत लिहावें. यामुळें एखादें गिऱ्हाईक परत जाईल; पण जें झाड घेऊन जाईल तें पुढील वर्षीं दुसरें झाड मागण्यास येईल.