आजोबांच्या हातातला पेचकस काढून घेऊ नका



मार्च संपत आला की नागपुरात घरोघरी एक काम निघतं. खिडकीतल्या कूलरवर वर्षभर गुंडाळलेलं प्लास्टिक निघतं, जुनं वुडवूल फेकून नवीन भरलं जातं, टाकी घासली जाते, पंप पाणी फेकतो की नाही ते बघितलं जातं. मे २०१३ मध्ये आपल्या शहराचा पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला होता. त्यामुळे कूलर ही इथे चैन नाही, गरज आहे. आणि हे सगळं काम बहुतेक घरांत करतं कोण? घरातले आजोबा.

आज मला त्यांच्याविषयीच लिहायचं आहे. आधी माझ्या घरात काय झालं ते सांगतो, मग माझं मत.

आमच्या घरातली गोष्ट

माझे बाबा ७३ वर्षांचे आहेत. आयुष्यभर फिटरचं काम केलं. मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन, शेजाऱ्यांची बेल, कशालाही ते 'नाही' म्हणत नाहीत. मागच्या एप्रिलमधल्या एका दुपारी कूलरचा पंप पाणी फेकेना. बाबांनी कूलर चालू असतानाच बाजूची जाळी काढली आणि टाकीत हात घातला. दुसरा हात पत्र्यावर होता. जोरात झटका बसला आणि ते मागे फेकले गेले. पायात रबरी चप्पल होती, म्हणून निभावलं. आई धावत आली, "कितीदा सांगितलं, आता हे सोडा बाप्पा!"

त्या संध्याकाळी मी बाबांची हत्यारांची पेटी उचलली आणि कपाटावर ठेवून दिली. "बाबा, आता वय झालं तुमचं. इलेक्ट्रिशियनला बोलवू." ते काहीच बोलले नाहीत.

पुढचे दोन महिने बाबा खुर्चीत बसून राहिले. वर्तमानपत्र वाचायचं, टीव्ही बघायचा, झोपायचं. शेजारचे काका बिघडलेला टेबलफॅन घेऊन आले, तर बाबा म्हणाले, "आता माझ्याकडे नका आणू, पोरगा रागावते." ते वाक्य मला फार लागलं.

त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. इलेक्ट्रिशियन आला, कूलर बघितला आणि मला विचारलं, "सर, प्लगची तिसरी पिन कुठं गेली?"

ती पिन मीच काढली होती. आमच्या एक्स्टेंशन बोर्डात तीन पिनांचा प्लग बसत नव्हता, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी त्याला दोन पिनांचा प्लग लावला होता. नववीच्या वर्गात ओहमचा नियम शिकवणारा मी! पंपाची वायर पाण्यात राहून सोलली होती, वीज पाण्यात आणि पत्र्यात उतरली होती, आणि तिला जमिनीत जायला अर्थिंगची वाटच नव्हती. ती वाट बाबांच्या शरीरातून गेली.

चूक बाबांचीही होती. प्लग न काढता त्यांनी हात घातला. पण ती चूक सवयीची होती, तिशीतही ते तसंच करायचे. वय झालं म्हणून अपघात झाला नव्हता. आणि शिक्षा मात्र मी त्यांच्या वयाला दिली होती.

साधं गणित करून बघा

हे गणित मी आता दरवर्षी वर्गात देतो. तुम्हीही द्या. घरातला दाब २३० व्होल्ट. ओल्या हाताच्या माणसाच्या शरीराचा रोध साधारण १००० ओहम धरा. ओहमच्या नियमाने विद्युतधारा आली ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. साधारण १ मिलिअँपिअरला मुंग्या येतात. १० ते २० च्या दरम्यान स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडता येत नाही. ५० ते १०० च्या पुढे हृदयाचा ठोकाच बिघडू शकतो.

आता मुलांना विचारा, "बोर्डावर १६ अँपिअरचा एमसीबी आहे. तो वाचवेल का?" वर्ग एका सुरात 'हो' म्हणतो. पण १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर! २३० ला तो हलणारसुद्धा नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी असतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परतलेली धारा तो सतत ताडून पाहतो. हिशोबात तेवढी तूट दिसली, की क्षणार्धात पुरवठा तोडतो. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलं तर हिशोब जुळतो आणि तोही गप्प बसतो. म्हणून 'आरसीसीबी आहे ना' म्हणून निर्धास्त होऊ नये.

आमच्या घरी आता परवानाधारक माणसाकडून अर्थिंग तपासून घेतलं आहे, आरसीसीबी बसवला आहे आणि कूलरला तीन पिनांचा प्लग परत लागला आहे. अर्थिंगची पिन लांब का असते माहीत आहे ना? प्लग लावताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. एवढीशी पिन, पण तिच्यात किती विचार आहे बघा!

रेघ कुठे ओढायची?

पालक विचारतील, "मग काय म्हाताऱ्या माणसाला घरभर वायरिंग करू द्यायचं?" मुळीच नाही. गंमत म्हणजे ही रेघ आपल्या कायद्यानेच ओढून ठेवली आहे. २०१० पर्यंत लागू असलेल्या भारतीय विद्युत नियम, १९५६ मधला ४५ वा नियम सांगायचा की विजेच्या जोडणीचं काम, त्यातली वाढ, बदल, दुरुस्ती परवानाधारक कंत्राटदारानेच करावी. पण त्याच नियमात सूट होती. दिवे, पंखे, फ्यूज, बटनं आणि घरगुती उपकरणं बदलायला हरकत नव्हती, फक्त मूळ जोडणीची क्षमता आणि स्वरूप बदलता कामा नये, एवढीच अट होती.

म्हणजे नवीन पॉइंट काढणं, मेन बोर्ड उघडणं, गिझर किंवा एसीसाठी वेगळी लाइन टाकणं ही कामं इलेक्ट्रिशियनची. त्यात त्याचं पोटही आहे आणि आपला जीवही. पण होल्डर बदलणं, इस्त्रीची वायर बदलणं, टेबलफॅन उघडून तेल देणं हे घरात होऊ शकतं. आम्ही घरात बसून ठरवलेले नियम असे:

१. काम टेबलावर यावं, माणूस शिडीवर जाऊ नये. छताचा पंखा उतरवायचा तर मी उतरवतो, दुरुस्त बाबा करतात. उतारवयात झटक्याइतकीच पडण्याची भीती असते.

२. प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवायचा. नुसतं बटन बंद करून चालणार नाही. होल्डरसारख्या भिंतीवरच्या कामाला मेन स्विच बंद.

३. टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासायचा, मग बंद पॉइंटवर. टेस्टरच बिघडलेला असेल तर 'लाइन नाही' असं तो खोटंच सांगतो.

४. पंख्याचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला असू शकतो. उघड्या हाताने त्याच्या टोकांना शिवायचं नाही.

५. घरात दुसरं कोणी नसताना काम नाही. चष्मा आणि चप्पल नसताना नाही. संध्याकाळी घाईने तर नाहीच. हृदयात पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

नियम बाबांनीच मोठ्या अक्षरात लिहून पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवले आहेत. पेटी कपाटावरून खाली आली आहे.

नातवंडांना काय मिळालं?

माझी मुलगी आठवीत आहे. तिला धाराविद्युत 'अवघड' वाटायचं. एका रविवारी ती आबांजवळ बसली. बाबांनी त्यांचा जुना सिरीज बोर्ड काढला. त्यात १०० वॅटचा दिवा आणि एक सॉकेट एकसरीत जोडलेले आहेत. बिघडलेली वस्तू सॉकेटला लावायची. दिवा पूर्ण पेटला तर आत शॉर्ट आहे, मंद पेटला तर धारा वस्तूतून जाते आहे, पेटलाच नाही तर कुठेतरी तार तुटली आहे. शेजारच्या काकांच्या टेबलफॅनवर दिवा पेटला नाही. "मग तार कुठं तुटली असेल, सांग बरं?" असं करत करत दोघांनी वायर प्लगजवळ तुटलेली शोधली. विजेचा भाग आबांच्या हातात, अंदाज बांधायचं काम नातीचं.

मग तिनेच विचारलं, "आबा, दिवा मधे आहे म्हणजे हात लावला तर चालते का?" बाबा म्हणाले, "हिशोब कर." १०० भागिले २३०, म्हणजे ०.४३ अँपिअर. दिवा फ्यूज वाचवतो, माणसाला नाही. हे उत्तर ती परीक्षेनंतरही विसरणार नाही. स्वतः मात्र ती अजून दीड व्होल्टच्या सेलवरच प्रयोग करते, आणि तेच योग्य आहे.

शाळेने काय करावं?

हाताने काम करत शिकणं आपल्या भागाला नवीन नाही. शेजारच्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीमचा विचार पुढे आला. उद्योगातून शिक्षण हाच तिचा गाभा होता. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथेही मुलं खरीखुरी कामं करतच विज्ञान शिकतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत, आणि त्यात स्थानिक कारागिरांकडून शिकावं असं म्हटलं आहे.

मग आपण कारागीर शोधत बाहेर का फिरतो? आपल्याच विद्यार्थ्यांचे आजोबा निवृत्त फिटर, सुतार, वायरमन आहेत. शिवणयंत्र खोलून पुन्हा जोडणाऱ्या आज्याही आहेत. कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुलं करण्याऐवजी वर्षातून चार तास त्यांना द्या. वस्तू पुरवठ्यापासून तोडलेल्या असाव्यात, शिक्षक हजर असावा, आणि नियमांची पाटी आधी वाचली जावी.

पालकांना माझं एवढंच सांगणं आहे. घरातला म्हातारा माणूस पेचकस घेऊन बसला की आपल्याला त्याची काळजी वाटते, ती खरी आहे. पण ती काळजी पेटी लपवून दाखवू नका. या उन्हाळ्याआधी कूलरचा प्लग बघा, अर्थिंग तपासून घ्या, आरसीसीबी बसवून घ्या. ही कामं आपली आहेत, आपण करायला हवी होती. ती झाली की पेटी त्यांच्या हातात द्या आणि एका नातवंडाला शेजारी बसवा.

परवा बाबा पुन्हा कूलरजवळ दिसले. मी घाबरून विचारलं, "बाबा, काय करून राहिले?" त्यांनी काढलेला प्लग वर करून दाखवला आणि म्हणाले, "आधी हे पाय, मग विचार."

तुमच्या घरी, तुमच्या शाळेत असे आजी-आजोबा असतील तर त्यांचा अनुभव नक्की कळवा.