घराचा दुसरा हप्ता

गेल्या महिन्यात पुतण्या सोलापूरहून वेळापूरला आला, तो पिशवीत दोन घरांची कागदपत्रं घेऊनच. एक घर शहरात, बाळीवेशीच्या मागं, जुन्या वाड्याच्या जागी उठलेल्या इमारतीत. दोन खोल्या, तिसरा मजला, गाडी लावायला जागा नाही. दुसरं विजापूर रस्त्याच्या अंगाला, जुळे सोलापूरच्याही पलीकडं. तीन खोल्या, पुढं चार कुंड्या मावतील एवढं अंगण, वर गच्ची. किंमत जवळपास सारखी. ‘तात्या, तुमची हयात बँकेत गेली. तुम्हीच सांगा, शहरात घेऊ का बाहेर?’

मी सवयीनं कागद चाळले. बिगरशेतीचा आदेश, बांधकाम परवाना, वकिलाचा सर्च रिपोर्ट, सगळं जिथल्या तिथं. पगार बघता हप्ताही झेपणारा होता. ‘बाहेरचं घे, मोकळी हवा मिळेल,’ असं म्हणणार तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘अहो, आपण हद्दवाढीत घर घेतलं तेव्हा काय झालं, तेही सांगा त्याला.’

आज तेच सांगायला बसलो आहे. पुतण्याला सांगून झालं; पण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

१९९२ साली सोलापूर महापालिकेची हद्द वाढली. सुमारे ३३ चौरस किलोमीटरचं शहर कागदावर सुमारे १७८ चौरस किलोमीटरचं झालं. आजूबाजूची गावं, त्यांची शेतं, माळरानं शहरात आली. त्याला आता तीस वर्षं उलटून गेली, तरी सोलापूरकर त्या भागाला अजून ‘हद्दवाढ भाग’च म्हणतो. घरात सून येऊन तीस वर्षं झाली तरी तिला ‘नवी’ म्हणावं, तसं. त्या काळात मी सोलापुरात कर्जविभागात होतो. व्याजाचे दर चौदा-पंधरा टक्क्यांच्या घरात होते, तरीही पेठांमधल्या भाड्याच्या खोल्या सोडून लोक बाहेर प्लॉट घेत होते. शिक्षक, एस. टी.तले कंडक्टर, सरकारी कारकून, गिरणीतून पैसे घेऊन बाहेर पडलेले कामगार. मी त्यांचे अर्ज मंजूर करायचो आणि मनात म्हणायचो, आणखी एक माणूस मालक झाला. त्यात खोटं काही नव्हतं.

१९९५ साली मीही त्यांच्यातला एक झालो. बायको शहरातल्या एका मुलींच्या शाळेत शिकवत होती. पेठेत राहत होतो तेव्हा ती चालत शाळेला जायची. येताना लक्ष्मी मंडईतून भाजी घ्यायची, आईचं औषध घ्यायची आणि मुलगा शाळेतून यायच्या आत घरी असायची. नव्या घरी गेल्यावर मला फरक पडला नाही, कारण माझ्याकडं स्कूटर होती. तिला आधी आसरा चौकापर्यंत चालायचं, तिथून सात रस्त्यापर्यंत एक रिक्षा, पुढं दुसरी. बस यायची, पण कधी येईल ते बसलाच ठाऊक. जायला तास, यायला तास. पावसाळ्यात रस्ता नावाचा चिखल तुडवताना चप्पल हातात. मुलगा तापला तर दवाखाना शहरात, आणि मी बँकेत. १९९९ साली तिनं नोकरी सोडली. मी तेव्हा म्हणालो होतो, ‘सोडलीस तरी चालेल, हप्ता माझ्या पगारात भागतो.’ केवढा उदार झालो होतो मी!

निवृत्त झाल्यावर एकदा तो हिशेब मांडला. रोजचे दोन तास, वर्षाला शाळेचे २३० दिवस, अशी चार वर्षं. एकूण १,८४० तास. आठ तासांचा दिवस धरला तर २३० दिवस. म्हणजे शाळेचं एक अख्खं वर्ष तिनं रिक्षात आणि रिक्षाची वाट बघण्यात घालवलं. आणि नोकरी सोडल्यानंतरची वर्षं? ती कुठल्या खात्यावर टाकायची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्या कादंबऱ्यांतले नायक गाव सोडतात, शहरात येतात, तुटतात, सावरतात. पण त्यातल्या एकाही बाईला मी बसथांब्यावर उभी केली नाही. समोर दिसत असून केली नाही.

तात्पर्य एवढंच, की घराला दोन हप्ते असतात. पहिला बँकेत भरायचा. त्यावर सही असते, व्याज असतं, शेवटची तारीख असते. दुसरा रस्त्यावर भरायचा. त्याला कागद नाही आणि शेवट नाही. शहराबाहेरचं घर स्वस्त वाटतं, कारण किमतीचा एक भाग या दुसऱ्या हप्त्यात ढकललेला असतो. आणि तो बहुधा अशा माणसाला भरावा लागतो, ज्याला घर ठरवताना कोणी विचारलेलं नसतं. बाईला, म्हाताऱ्याला, शाळकरी पोराला. ज्याच्या हाती गाडीची किल्ली असते, तो मात्र हवा मोकळी आहे असं सांगतो.

याचा अर्थ पेठेतच राहावं, असा मुळीच नाही. पेठेतल्या त्या दोन अंधाऱ्या खोल्या, सामायिक संडास आणि घरमालकाचे टोमणे मी विसरलेलो नाही. पूर्व भागात माग आणि बिऱ्हाड एकाच छपराखाली नांदवणाऱ्या पद्मशाली कुटुंबाला मोकळी जागा नको आहे, असं कोण म्हणेल? अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीत २००६ साली विडी कामगार महिलांची दहा हजार घरं उभी राहिली. तिथंच रे नगरमध्ये जानेवारी २०२४ मध्ये असंघटित कामगारांना पंधरा हजार घरं मिळाली. जन्म भाड्याच्या खोलीत गेलेल्या बाईच्या हाती स्वतःच्या घराची किल्ली येते, तेव्हा तिला अंतराच्या गोष्टी सांगणं हा आगाऊपणा आहे. पण तिचा दुसरा हप्ताही मोजला पाहिजे. पान-तंबाखू घेऊन घरी विड्या वळायच्या आणि वळलेल्या विड्या नेऊन द्यायच्या, असं ज्या बाईचं काम, तिच्या रोजीतून बसभाडं गेलं तर राहिलं काय? घर मिळालं, आता रोजगार, शाळा आणि दवाखाना घराजवळ यायला हवा. ही मागणी उपकाराची नाही. घराची ती उरलेली अर्धी बाजू आहे.

मुंबईचं उदाहरण नेहमी उलटं दिलं जातं. मुंबईकर दोन तास प्रवास करतो, मग तुम्हाला काय झालं? पण मुंबईत रूळ आधी आले. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली आणि उपनगरं तिच्या मागोमाग वाढली. आमच्याकडं घरं आधी, कर त्यानंतर, गटार त्याच्याही नंतर, आणि बस आलीच तर सर्वांत शेवटी. पॅरिसमध्ये २०२० च्या महापौरपदाच्या निवडणुकीत पंधरा मिनिटांच्या शहराची कल्पना गाजली. शाळा, दुकान, दवाखाना घरापासून पंधरा मिनिटांत असावा, एवढंच त्यात होतं. आमच्या पेठांमध्ये ते होतं. त्याला नाव नव्हतं, म्हणून त्याची किंमतही कळली नाही.

आणि हे फक्त सोलापूरचं आहे, असं वेळापुरात बसून म्हणता येत नाही. दहा-बारा किलोमीटरवरचं अकलूज २०२१ साली नगरपरिषद झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. आता आमच्याही शिवारात प्लॉटच्या पाट्या दिसतात. ऊस काढून रेघा आखल्या की झाली वसाहत. उद्या वेळापूरचंही उपनगर होईल.

आमच्या गावात माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो. माळशिरसहून निघालेला सोहळा इथं थांबतो, इथून भंडीशेगावला जातो. एका दिवसात म्हातारा वारकरी किती चालेल, हे त्या मुक्कामांत धरलेलं आहे. सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याच्या पायांनी अंतर मोजायचं, ही रीत आमच्या अंगणातून दरवर्षी जाते. नगररचनेच्या नकाशात तेवढी उतरवली तरी पुरे. जिथं बस जात नाही, जिथून लहान मूल चालत शाळेला जाऊ शकत नाही, तिथं राहायला जाण्याचा दाखला महापालिकेनं, नगरपरिषदेनं देऊ नये. आणि बँकेच्या अर्जात उत्पन्नाच्या रकान्याखाली आणखी एक रकाना असावा: घरातल्या प्रत्येकाला रोज किती वेळ जाण्यायेण्यात जाईल? त्याखाली सही कर्जदाराची नको. ज्याचा वेळ जाणार, त्याची हवी.

पुतण्याला मी कुठलं घर घे ते सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की सोमवारी सकाळी आठ वाजता त्या बाहेरच्या घरापाशी उभा राहा, गाडी घरी ठेव आणि बायकोच्या कामाच्या जागी जाऊन दाखव. संध्याकाळी तिच्या वेळेला परत ये. मग ठरवा, दोघं मिळून.

तो गेला की नाही, ठाऊक नाही. पण परवा त्याच्या बायकोचा फोन आला. मला काही विचारायचं नव्हतं तिला. ‘काकूंना द्या,’ म्हणाली. दोघी अर्धा तास बोलत होत्या.