रस्त्याचे काम चालू असतानाच महामार्गाच्या भिंती पुसून घ्या!

बडनेरेकरांनो, आणि या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या सर्वांनो,

पावसाळ्यातली संध्याकाळ होती. बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाताना माझ्यापुढचा एक दुचाकीस्वार घसरून पडला. मदतीसाठी महामार्गाच्या १०३३ या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडून विचारणा झाली, "किलोमीटर किती?" पिवळ्या माथ्याचा दगड दहा पावलांवर होता, पण त्याच्यावर शिकवणीची जाहिरात डकवलेली. नखांनी ओला कागद खरवडत बसलो, तेव्हा कुठे आकडा दिसला. तेवढा वेळ तो माणूस चिखलात विव्हळत पडून होता.

पुलांचे खांब, भुयारी मार्गांच्या भिंती, मोऱ्यांचे कठडे, दिशाफलक, काहीच सुटलेले नाही. कुठे मूळव्याधीचा इलाज, कुठे वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुठे बदामातली नावे. कोपऱ्यात खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या आहेतच.

हे नुसते ओंगळ दिसते म्हणून मी लिहीत नाही. केसाएवढी भेग, गंजाचा तांबूस ओघळ, झिरपलेली ओल यांवरून पाहणीला आलेला अभियंता पुलाचे दुखणे ओळखतो. त्यावर ऑइलपेंटचा थर चढला की दुखणे झाकले जाते. फलकांवरचा परावर्तक पापुद्रा रात्री गाडीच्या दिव्यात चमकतो; वर पोस्टर बसले की फलक असून नसल्यासारखा. सुरतेकडून थेट कोलकात्याच्या दिशेने जाणारा हा रस्ता. रात्री दोन वाजता बडनेऱ्याचे वळण शोधणाऱ्या परप्रांतीय ट्रकचालकाला त्या फलकाशिवाय कोण सांगणार?

घाई एवढ्याचसाठी की रस्त्याचे काम चालू असते तेव्हा मार्गिका आधीच अडवलेली असते. मजूर, शिड्या, पाण्याचे टँकर जागेवर असतात. वाहतूक पुन्हा सुरू झाली की एक खांब पुसायलाही रस्ता नव्याने अडवावा लागतो. परवानगी वेगळी, खर्च वेगळा. शिवाय काँक्रीट सच्छिद्र असते. रंग जितका जुना तितका तो खोल मुरतो. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी थर टाकून गिनीज विक्रम झाला. हे ज्यांना जमले, त्यांना भिंती पुसणे जड नाही. आपण मागितले पाहिजे.

म्हणून हात जोडून विनंती आहे:

१. राष्ट्रीय महामार्गावर असे रंगवलेले किंवा जाहिरात डकवलेले काही दिसले तर १०३३ वर किंवा राजमार्गयात्रा ॲपवर तक्रार करा. शहरातल्या रस्त्यांसाठी महापालिकेला आणि राज्याच्या रस्त्यांसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाला कळवा. किलोमीटर, दिशा आणि फोटो द्या. फोटो गाडी सुरक्षित जागी थांबवूनच काढा.

२. स्वतः पुलावर चढू नका. ॲसिड किंवा तारेचा ब्रश वापरू नका. सळयांना जपणारे काँक्रीटचे कवच त्याने झिजते, आणि थिनरने फलकाचा पापुद्रा खराब होतो. हे काम जाणत्यांनाच करू द्या.

३. शिकवणीवाले, दवाखानेवाले, मंडळांचे कार्यकर्ते यांनो, तुमच्या जाहिराती कुठे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. ती ठिकाणे यंत्रणेला कळवा, पुसण्याचा खर्च उचला आणि रंगाऱ्याला असले काम पुन्हा देऊ नका. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ नुसार या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

४. आईवडिलांनो, गुरुजनांनो, पोरांना किलोमीटरचा दगड कशासाठी असतो ते एकदा थांबून दाखवा. कळले की ती त्याला हात लावणार नाहीत.

५. काम करून घेणाऱ्या अधिकाऱ्यांना विनंती, भिंती, खांब आणि फलक स्वच्छ झाल्याशिवाय काम पूर्ण झाले असे धरू नका. माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीपर्यंत रंग सहज धुऊन निघेल असा लेप द्या.

गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले. गावात शिरले की आधी खराटा, कीर्तन रात्री. आपणही चर्चा रात्रीवर ठेवू आणि पहिली तक्रार आजच नोंदवू.

उद्या याच रस्त्यावर कुणी १०३३ ला फोन लावेल. त्याला दगडावरचा आकडा एका नजरेत वाचता आला पाहिजे.

आपला,
एक बडनेरेकर