दिवाळीत इमॅजिका? सोलापूरकरांची रांग दोन महिने आधीच लागते

दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायला पुणेकर सकाळी निघाला तरी चालतं. सोलापूरहून हे अंतर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, म्हणजे एक मुक्काम आलाच. खरी अडचण रेल्वेची. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी खुलं होतं. त्यात भाऊबीज झाली की पुण्यात नोकरी करणारे सोलापूरकर परत निघतात आणि सिद्धेश्वर, हुतात्मा भरून जातात. त्यामुळे आधी रेल्वेचं तिकीट, मग पार्कचं. स्वतःच्या गाडीनं जायचं तर शनिवार-रविवारी खंडाळा घाटातली कोंडी धरूनच चालावं. त्यातल्या त्यात बरा, भाऊबीजेनंतरचा मंगळवार किंवा बुधवार: शाळांची सुट्टी बहुधा उरलेली असते, ऑफिसं सुरू झालेली असतात. आईबाबांची एक रजा मात्र जाते.