पुंडलिकाची वीट

कुर्डुवाडीच्या स्थानकाला पंढरीचा वारकरी नवा नाहीं. १९०६ सालीं बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी येथून पंढरपुरास जाऊं लागली. आतां तो मार्ग रुंद झाला आहे. पण जयघोष तोच, आणि त्यांत देवाच्या आधीं नांव पुंडलिकाचें. चंद्रभागेचें स्नान झालें कीं वाळवंटांतील त्याच्या मंदिरीं प्रथम मस्तक नमवावयाचें, मग विठोबा. हा मान त्याला कशाबद्दल?

कथा वाचकांस ठाऊकच आहे. जानुदेव-सत्यवतीचा हा मुलगा काशीस निघाला तो पत्नीसह घोड्यावर. वृद्ध मातापितरें पायीं. आईबापांची अवज्ञा आपण लक्षांत ठेवतों, परंतु ती तीर्थयात्रेच्याच वाटेवर झाली हें विसरतों. श्रद्धा त्याच्या ठायीं होती. तिच्यावर अहंकार स्वार झाला होता.

पुढें कुक्कुट ऋषींच्या आश्रमांत गंगा, यमुना, सरस्वती मलिन वेषांत येतांना आणि तेथली सेवा करून निर्मळ होऊन परततांना त्यानें पाहिल्या, व त्याचे डोळे उघडले. कीर्तनकार येथें एक गोष्ट घाईनें ओलांडतात. प्रचलित कथेंत बापाचा शाप नाहीं, आज्ञाहि नाहीं. तेव्हां ही कथा दंडुक्यासारखी मुलांवर उगारणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं (मीहि त्याच वयाचा आहें) जरा थांबावें.

आतां विटेचा प्रश्न. साक्षात् देव दारीं आला असतां हा उठला नाहीं, वीट भिरकावून मोकळा झाला. ही अवज्ञाच नव्हे काय? वर्गांत मुलें हें विचारीत, आणि प्रश्न रास्त आहे. माझ्या मतें नव्हे. षोडशोपचारांत आवाहनामागून येतें तें आसन. येथें आवाहन झालेंच नव्हतें, तरी आसन मिळालें. सेवेंत गुंतलेल्या माणसाजवळ देण्यासारखें जें होतें तें त्यानें दिलें. घोड्यावरचा पुंडलिक बहुधा पाय चेपणें टाकून धांवला असता. देव आपल्या दारीं आला, हा मान मिरवावयास अहंकार टपलेलाच असतो.

२००७ सालीं संसदेनें आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा केला. म्हाताऱ्यांस आतां मुलांकडून निर्वाहखर्च मागतां येतो. कायदा हवाच होता. परंतु न्यायाधिकरणापुढें मिळते ती रक्कम. रात्रीं उठून पाणी देणारा हात नव्हे. आणि तो हात आपल्या घरांत बहुतेकदां सुनेचा असतो. घोड्यावर तीहि होती, हें कथा सांगते. पुढें पाय चेपतांना ती कोठें होती, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.