गाडी घेताना आधी हे विचारा: वर्षातून किती दिवस उभी राहते?



सोयाबीनची रास घरी आली, हरभरा पेरून झाला, तूर फुलात आहे. दोन दिवस जरा मोकळीक आहे, म्हणून आज पिकाऐवजी गाडीवर लिहितो. यंदा सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्यात काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. अशा साली गाडीचा विषय काढणं बरं दिसत नाही, पण आमची जुनी सात सीटर विकायचीच होती आणि तिच्या जागी दुसरी घ्यायची होती. घरात आम्ही नऊ माणसं, त्यात माय सत्तरीच्या पुढची आणि चार लेकरं. लग्नकार्य, दवाखाना, गंगाखेडचा बाजार, सगळं एकाच गाडीवर.

आधी जुनीची गोष्ट सांगतो, कारण चूक माझी पण आहे.

तीन वर्षांपूर्वी ती गाडी आम्ही सेकंडहँड घेतली. डिझेल, बीएस-६, रंग चकचकीत, आतमध्ये मोठा स्क्रीन. घेताना मी टायर बघितले, किमतीवर घासाघीस केली, झालं. आमचं चालणं काय? राणीसावरगाव ते शेत, शेत ते घर, आठवड्यातून एकदा गंगाखेड. सहा महिन्यांनी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायला लागला. लागायचा, विझायचा. म्हणलं बघू पेरणी झाल्यावर. जून महिन्यात एका रात्री मायला दम लागला. सगळे गाडीत बसलो आणि गावाबाहेर चढावर गाडीनं दमच सोडला. ॲक्सिलेटर दाबला तरी बैलगाडीच्या चालीनं चालायली. शेवटी चुलतभावाला फोन केला. त्याची बारा वर्षांची साधी गाडी आली आणि त्या गाडीनं मायला दवाखान्यात पोचवलं. माय बरी झाली. पण तो अर्धा तास मी विसरलो नाही.

नंतर गाडी वर्कशॉपला गेली. एक सेन्सर मिळायला अकरा दिवस लागले. ऐन पेरणीत अकरा दिवस.

असं का झालं हे मला तिथल्या मिस्त्रीनं समजावून सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाला. तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. गाडी मोठ्या रस्त्यावर एका लयीत पंधरावीस मिनिटं चालली की धूर तापतो आणि जाळीतली काजळी जळून जाते. पण गाडी रोज दोनचार किलोमीटरच चालली, तर धूर तेवढा तापतच नाही. काजळी साठत जाते, दिवा लागतो. तरी दुर्लक्ष केलं तर इंजिन स्वतःला वाचवायला ताकद कमी करतं. म्हणजे गाडी खराब होती असंही नाही. आमच्या वापराला ती चुकीची होती, आणि दिवा बघून न बघितल्यासारखं मी केलं.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडं भरवशाची गाडी म्हणजे कंपनीचं नाव, असं समजतात. माझं मत वेगळं झालंय. भरवसा गाडीत एकटीत नसतो. गाडी, तुमचा रोजचा रस्ता आणि सुट्या भागाचं अंतर, या तिन्हीचा मिळून भरवसा असतो. कृषी विद्यापीठ एखादं वाण एका वर्षाच्या एका प्लॉटवरून शिफारस करत नाही, वेगवेगळ्या ठिकाणी काही वर्षं बघतं. आणि तरीही आपण सोयाबीन पेरायच्या आधी शंभर दाणे गोणपाटात गुंडाळून उगवण बघतोच. सत्तरच्या खाली उगवले तर विचार करतो. तीनशे रुपयांच्या दाण्याला चाचणी आणि बारा लाखांच्या गाडीला मित्राचा शब्द, हे बरोबर नाही.

बारा लाख म्हणजे किती ते आपल्या मापात सांगतो. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. त्या हिशोबानं सव्वादोनशे क्विंटल. एकरी सात क्विंटल धरलं तर बत्तीस एकरांचं अख्खं पीक, खर्च न काढता. बाजारात हमीभाव मिळत नाही ते वेगळंच.

म्हणून या वेळेस मी गाडीची उगवण चाचणी केली. वहीत अकरा गाडीवाल्यांची नावं लिहिली, सगळे आपल्याच पट्ट्यातले, गंगाखेड, पालम, अहमदपूरकडचे. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: मागच्या वर्षी गाडी किती दिवस उभी होती आणि कशापायी? ॲव्हरेज विचारलं की माणूस वाढवून सांगतो. दिवस विचारले की खरं सांगतो, कारण ते दिवस त्याला आठवतात. उत्तरं ऐकून कळलं की मोठे बिघाड थोडे असतात. बॅटरी, क्लच, सेन्सर, सस्पेन्शन, हेच जास्त. आणि जास्तीचे दिवस दुरुस्तीत जात नाहीत, सुट्या भागाची वाट बघण्यात जातात.

जुनी माणसं सुमोचं नाव का काढतात ते यातून समजतं. टाटा सुमो १९९४ ला आली आणि २०१९ पर्यंत चालली. बोलेरो २००० पासून अजून चालूच आहे. या गाड्या कधी बिघडतच नाहीत असं नाही. पण बिघडली तर कुठल्याही फाट्यावरचा मिस्त्री हात घालतो आणि भाग तालुक्याला मिळतो. उलट टवेराचं बघा. २००४ ला आली, काळी-पिवळीवाल्यांनी डोक्यावर घेतली. २०१७ च्या शेवटी कंपनीनंच भारतातली विक्री बंद केली. गाडी कशीही असो, कंपनी गेली की विकताना भाव पडतो आणि भागासाठी फिरावं लागतं. म्हणून नव्यानं आलेल्या कंपनीची गाडी कितीही छान दिसली तरी तिचं वर्कशॉप परभणी, नांदेड, लातूरला आहे का आणि किती वर्षांपासून आहे, हे आधी बघा.

धाकटा भाऊ काही पटकन ऐकला नाही. म्हणला, "दादा, समदे सनरूफवाल्या गाड्या घ्यायलेत, आपणच मागं राहायलोत." माय तिथंच बसली होती. ती म्हणली, "मला वर आभाळ दिसणारी नको रे बाबा, चालू होणारी पाहिजे." विषय तिथंच अर्धा मिटला.

उरलेला अर्धा डिझेल का पेट्रोल यावर होता. भावाचं म्हणणं डिझेल परवडतं. वहीत मांडलं. आमचं चालणं महिन्याला आठशे किलोमीटर. पेट्रोलला १५ चं ॲव्हरेज आणि डिझेलला १८ चं धरलं, तेव्हाचे भाव धरले, तर महिन्याला फरक दीड हजाराच्या आसपास, वर्षाला अठरा हजार. आम्ही बघितलेल्या दोन गाड्यांच्या किमतीत फरक दीड लाखाच्या वर. म्हणजे तो भरून निघायला आठ वर्षांहून जास्त, आणि त्यात जाळी एकदा अडकली तर हिशोब संपला. ज्याचं रोजचं चालणं साठ-सत्तर किलोमीटर मोठ्या रस्त्यावर आहे, वजन ओढायचं आहे, त्यानं डिझेल जरूर घ्यावी. आमच्यासारख्या शेत ते घर करणाऱ्यानं दहादा विचार करावा. सीएनजीचा विचार असेल तर पंप किती लांब आणि रांग किती हे बघा. टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते आणि ती मागची सामानाची जागा खाते, हेही धरा.

काही डिझेल गाड्यांना डीईएफ नावाचं पाणी लागतं. ते म्हणजे शुद्ध पाण्यात साडेबत्तीस टक्के युरिया. पण घरातल्या गोणीतला युरिया त्यात चुकूनही टाकू नका. आपला युरिया निमकोटेड असतो, ती यंत्रणा त्यानं बसते आणि खर्च लई मोठा येतो.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी यंदा एक जास्तीची सूचना. एवढा पूर येऊन गेलाय, पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येणारच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आत गाळाची रेघ दिसते. मॅटच्या खाली हात घाला, सीटच्या पट्ट्यांचा गंज बघा. कितीही अत्तर मारलं तरी वास लपत नाही. चेसिस नंबरवरून कंपनीच्या वर्कशॉपला सर्व्हिसची नोंद विचारा, किलोमीटर फिरवलेत का ते तिथं कळतं. आणि तुमच्या स्वतःच्या गाडीत पाणी शिरलं तर स्टार्टर मारू नका, टोचन करून न्या. पाण्यात चालू करून इंजिन गेलं तर साध्या विम्यात बहुतेक वेळा ते बसत नाही, इंजिनचं वेगळं कव्हर लागतं.

आणखी एक गोष्ट मनाला लावून घ्या. रोज चालू होणारी गाडी धडकेतही वाचवेल, असं समजू नका. २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत बोलेरो निओला एकच तारा मिळाला. भारतात बनलेल्या अर्टिगाच्या आफ्रिकेतल्या मॉडेललाही त्याच वर्षी मोठ्या माणसांच्या सुरक्षेला एकच मिळाला. या गाड्या आपल्या भागात सगळ्यात जास्त दिसतात. कोणतीही घ्या, पण एअरबॅग किती, मागच्या ओळीला बेल्ट आहेत का हे बघा, आणि सात सीटरमध्ये बारा माणसं कोंबू नका. मी पण कोंबलेत, म्हणून सांगतो.

करावरही लक्ष ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, पंधराशे सीसीपर्यंतच्या डिझेल आणि बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के झाला. त्यापेक्षा मोठीवर ४० टक्के. सात सीट दिसायला सारख्याच, पण लांबीच्या फरकानं किंमत बदलते. चार मीटरच्या आतल्या गाडीत तिसरी ओळ लेकरांपुरतीच, हे मात्र स्वतः मागं बसून बघा.

शेवटी आम्ही काय केलं? पेट्रोल, हातानं गिअर टाकायची, सनरूफ नसलेली सात सीटर ठरवली. वर्कशॉप जवळ आहे आणि माझ्या वहीतल्या तीन जणांकडं तीच आहे. तिघांची मिळून वर्षात चार दिवस उभी होती. हप्ता महिन्याचा न घेता सहामाही मिळतो का ते विचारलं, कारण आपल्याकडं पैसा दर महिन्याला येत नाही, रास झाल्यावर येतो. वाचलेल्या पैशातून विहिरीवरची मोटर दुरुस्त करायची आहे.

तुमचं गणित वेगळं असेल, म्हणून माझीच गाडी घ्या असं मी म्हणत नाही. फक्त शोरूमच्या आधी गावातल्या दहा जणांकडं जा. आणि पिवळा दिवा लागला तर पेरणी होण्याची वाट बघू नका.

तुमची गाडी मागच्या वर्षी किती दिवस उभी होती आणि कशापायी, तेवढं लिहा. सगळ्यांची मिळून एक वही करू.