मुलांचा रक्तदाब कोण मोजणार?

रक्तदाब हा पन्नाशी उलटलेल्यांचा, त्यातही सुखवस्तूंचा विकार, अशी समाजाची पक्की समजूत आहे. म्हणूनच वाई तालुक्याच्या पश्चिमेकडील जोर खोऱ्यातले एखादे मूल वारंवार डोके दुखते म्हणाले, तर त्याचे डोळे तपासले जातात, शाळा चुकविण्याचा बहाणा म्हणून दटावले जाते, क्वचित दृष्टही काढली जाते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहण्याचे सहसा कोणाला सुचत नाही.

लहान मुलाचा रक्तदाब फार चढलेला असेल, तर त्यामागे बहुधा दुसरा विकार दडलेला असतो. मूत्रपिंडाला रक्त पुरविणारी रोहिणी (हा शब्द वाईत सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा) अरुंद होणे, हे त्यातले एक प्रमुख कारण. रक्त कमी पोहोचले की मूत्रपिंड रेनिन स्रवते आणि साऱ्या शरीराचा दाब वाढतो. रोहिणी अरुंद झाल्याने दाब वाढतो, हे गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये कुत्र्यांच्या रोहिणीला चिमटा लावून सिद्ध केले होते. पाश्चात्त्य देशांत बहुधा रोहिणीच्या भित्तिकेतील जन्मजात वा वाढीतील दोष आढळतो. आपल्याकडे मात्र महारोहिणी व तिच्या शाखांचा दाह, म्हणजे ताकायासू रोग, अधिक. या रोगाचे ज्ञान आपल्याला परक्यांकडून उसने घ्यावे लागलेले नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. प्रफुल्लकुमार सेन, किणरे, केळकर व परुळकर यांनी १०१ रुग्णांच्या अभ्यासावर १९७३ मध्ये ग्रंथच प्रसिद्ध केला. त्याला पन्नास वर्षे लोटली, तरी ते ज्ञान खेड्यातल्या शाळेपर्यंत उतरले नाही, ही खरी खंत.

निदानाचा आरंभ खर्चिक नाही. चारही अवयवांतला दाब मोजावा, जांघेतली नाडी चाचपावी, पोटावर स्टेथोस्कोप ठेवून रक्तप्रवाहाची घरघर ऐकावी. संशय आला की डॉप्लर सोनोग्राफी, मग रोहिणीचित्रण. औषधे देतानाही हे निदान हवेच. कारण दोन्ही बाजू अरुंद असताना कॅप्टोप्रिलच्या वर्गातील गोळी मूत्रपिंडच निकामी करू शकते. दाह शमविल्यावर फुग्याने रोहिणी रुंदावता येते. ते न साधल्यास शस्त्रक्रिया आहे. विलंब झाला, तर हृदय, डोळे आणि मेंदू त्याची किंमत मोजतात.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेतील मुलांना वर्षातून एकदा तपासतात. त्याच्या मूळ तीस विकारांच्या यादीत संधिज्वरजन्य हृदयविकार आहे, उच्च रक्तदाबाचे नाव नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी रक्तदाब मोजण्याची शिफारस केली. सातारा जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने तेवढे तरी करावे आणि पथकांना मुलांच्या मापाचे पट्टे द्यावेत. प्रौढांचा रुंद पट्टा बारीक दंडावर बांधला, तर आकडा प्रत्यक्षाहून कमी दिसतो आणि आजारी मूल निरोगी ठरते. शिवाय फुग्याने रुंदावलेली रोहिणी पुन्हा आकसू शकते. अशा मुलाचा दाब वर्षानुवर्षे मोजत राहावे लागते. तेवढ्यासाठी दर खेपेला एस. टी.ने पुण्या-मुंबईची वाट धरण्याचे कारण नाही. ते काम वाईतच झाले पाहिजे.